द्राक्षाच्या ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न, उत्तरं मात्र वाहून जातात. काय करावं?

कादवाकाठचा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची बाग आहे, बरीचशी थॉमसन, थोडी शरद सीडलेस. शेतीबरोबर एक उद्योग मागे लावून घेतलाय, तो म्हणजे द्राक्ष बागायतदारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. दिंडोरी, निफाड, चांदवडकडचे मिळून सहाशेच्या आसपास लोक आहेत. अ‍ॅडमिन मी आणि एक मित्र.

ग्रुप थंड पडलाय अशी तक्रार नाही. उलट गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की रात्री जेवणं उरकल्यावर फोटो सुरू होतात. बोटात धरलेलं एक पान, बॅटरीच्या उजेडात काढलेलं, खाली एवढंच: ‘हे काय आहे? काय मारू?’ पाच मिनिटांत सात औषधांची नावं हजर. एक म्हणतो डाऊनी, म्हणजे केवडा बुरशी, दुसरा म्हणतो छे, फवारणीने करपलंय, तिसरा दुकानाचं कार्ड टाकतो, मध्येच कोणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाचा केक. सकाळी वर सरकवत गेलो तरी ते पान सापडत नाही. ज्याने विचारलं त्याने शेवटी काय मारलं, बाग सावरली का, हे तर कधीच कळत नाही. पुढच्या हंगामात तोच माणूस तसाच फोटो टाकतो.

मागच्या हंगामात पेस्टिंगचं, म्हणजे छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला औषध लावायचं, विचारलं एकाने. हायड्रोजन सायनामाइड किती घेऊ? कोणीतरी मिलीमध्ये आकडा टाकला, त्यावर धडाधड अंगठे. काडी किती जाडीची, तापमान काय चाललंय, कोणी विचारलं नाही. हातमोजे घाला आणि पेस्टिंग करणाऱ्या माणसाने त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नाही, ते जिवावर बेतू शकतं, हे तर एकानेही लिहिलं नाही. मी लिहिलं तोवर गप्पा टोमॅटोच्या भावावर गेल्या होत्या.

दुसरं दुखणं असं की ज्यांना खरं कळतं ते बोलत नाहीत. आमच्या गावात एक अण्णा आहेत. घड जिरण्यावर, म्हणजे काडीवर घड येता येता नाहीसा होतो त्यावर, त्यांनी एकदा मोठी व्हॉइस नोट टाकली होती. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली, नवी काडी तयार करायची छाटणी) ढगाळ राहिलं तर डोळ्यात घड कसा कमी धरतो, काडीत अन्नसाठा नसेल तर फुटताना घडाची बाळी, म्हणजे नुसता तंतू, कशी होते, आणि ते आधी कसं ओळखायचं. सोनं होतं हो. त्यांचा फोन बदलला, माझाही बदलला, नोट गेली. परत बोला म्हटलं तर म्हणतात, “तेव्हा विषय निघाला म्हणून बोललो, आता काय बोलू?”

ड्राइव्हवर फोल्डर करून झाला. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या पीडीएफ, बागायतदार संघाच्या चर्चासत्रांतले स्लाइडचे फोटो, सगळं नीट नावं देऊन टाकलं, लिंक पिन केली. कोणी उघडत नाही.

मित्र म्हणतो अ‍ॅप काढू. नाहीतर चांगल्या उत्तराला दरमहा बक्षीस ठेवू, एक औषध दुकानदार पैसे द्यायला तयारच आहे. ते मला पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही. तुमच्यापैकी कोणी कंपनीत, संस्थेत, ग्रुपवर माहिती टिकवून दाखवली असेल तर सांगा. पुस्तकी नको, केलेलं सांगा.

---

कोडवाला_गंगापूररोड

अ‍ॅप काढू नको भाऊ. मी अ‍ॅप बनवूनच पोट भरतो म्हणून सांगतो. शेतकऱ्याच्या फोनमध्ये हवामानाचं एक, बाजारभावाची दोन, बँकेचं एक आधीच पडलेलं असतं, वर जागा संपल्याचा मेसेज. तुझं पाचवं अ‍ॅप पहिल्या पावसात उडणार.

नुसतं साधनच बदलायचं असेल तर टेलिग्राम बघ. विषयवार कप्पे पाडता येतात, नव्या माणसालाही जुनं दिसेल अशी सोय करता येते, शोधताही बरं येतं. पण अण्णा टेलिग्रामवर येणार आहेत का, ते आधी विचारून घे.

आणि बोलणारे थोडेच आहेत म्हणून खट्टू होऊ नको. जेकब नील्सनने २००६ साली एक ढोबळ ठोकताळा मांडला होता: अशा ठिकाणी शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून तोंड उघडतात आणि जवळपास सगळं लिखाण उरलेला एकटा करतो. म्हणजे तुझ्या सहाशेत पाच-सहा लिहिणारे मिळाले तरी चाललंय ते जगरहाटीप्रमाणेच आहे.

---

निवृत्त_मेंटेनन्स_सिडको

कादवाकाठचे, तुम्ही प्रश्न द्राक्षाचा विचारलात, मला तो आमच्या लॉगबुकचा वाटला. सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, तिथूनच निवृत्त झालो. सासुरवाडी निफाड तालुक्यातली आणि मेहुण्यांची बाग आहे, त्यामुळे डाऊनी, भुरी असल्या बुरशीरोगांचं बोलणं जेवताना कानावर पडतं. औषधातलं मला विचारू नका. नोंदीतलं सांगतो.

आमच्याकडे एक हायड्रॉलिक प्रेस होता. दर हिवाळ्यात, पहिल्या पाळीला, पंप किंचाळायचा आणि प्रेशर चढायचं नाही. फिटर यायचा, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह जरासा आवळायचा, तासाभरात मशीन सुरळीत. लॉगबुकात नोंद पडायची: ‘प्रेशर कमी. अ‍ॅडजस्ट केलं. मशीन चालू.’ खाली सही. पुढच्या जानेवारीत परत तेच, तीच वाक्यं, फक्त सही वेगळी. ऑडिटवाला यायचा, रजिस्टर चाळायचा आणि खूष होऊन जायचा, कारण नोंदी नियमित होत्या.

मग एका सकाळी आमचे जुने फिटर आले. त्यांना सगळे मामा म्हणायचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवून मूठ कानाशी धरायची त्यांची पद्धत. ऐकलं आणि म्हणाले, “व्हॉल्व्हला हात लावू नका. टाकी उघडा.” टाकीत सक्शनची जाळी, पंप जिच्यातून तेल ओढतो ती, गाळाने निम्मी बुजलेली. उन्हाळ्यात तेल पातळ असतं, निम्म्या जाळीतूनही निघून जातं. थंडीत पहाटे तेच तेल घट्ट होतं, पंप ओढतो पण त्याला पुरेसं मिळत नाही, म्हणून तो ओरडतो. तासाभराने तेल तापलं की आवाज आपोआप बंद. व्हॉल्व्ह आवळणाऱ्याला वाटतं आपल्या हाताला गुण आहे.

आता बघा, रजिस्टरमध्ये काय केलं ते रोज लिहिलं जात होतं. आवाज कधी येतो, किती वेळ राहतो, हवा कशी असते, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा आला का, यातलं काहीच नव्हतं. ‘फक्त थंडीत, सकाळी, पहिला तासभर’ एवढे शब्द पहिल्याच वर्षी कोणी लिहिले असते तर ती जाळी तेव्हाच निघाली असती.

तुमच्या ग्रुपवर ‘अमुक मार’ असं जे येतं ते आमच्या ‘अ‍ॅडजस्ट केलं’चं सख्खं भावंड आहे. मेहुणे सांगतात, डाऊनीला पान ओलं राहावं लागतं, भुरीला ढगाळ दमट हवा असली की पावसाची गरज नाही. मग त्या फोटोत पाऊस कधी झाला ते दिसतं का? पान उलटून बघितलं का, पांढरं आहे ते वरच्या बाजूला की खाली, हे दिसतं का? छाटणीला किती दिवस झाले, काल काय फवारलं? काहीच नाही. सात जण सात नावं सांगतात ते अडाणी आहेत म्हणून नव्हे, प्रत्येकाच्या डोळ्यापुढे स्वतःची बाग असते म्हणून.

तेव्हा उत्तरं साठवायच्या आधी प्रश्न विचारायची शिस्त लावा. आमच्या साहेबांनी रजिस्टर तसंच ठेवलं, ऑडिटवाल्याचं समाधान नको का व्हायला, पण मशीनला एक छापील कार्ड अडकवलं. लक्षण, वेळ, हवा, आधी काय हात लावला होता, मग काय केलं. आणि शेवटी एक रिकामी चौकट: ‘पुन्हा झालं का?’ ती चौकट काम करणाऱ्याने भरायची नाही. महिन्याने पाळीचा कारकून फिरायचा आणि ऑपरेटरला विचारून भरायचा. त्या कार्डावरचं बाकी सगळं जाऊ दे, ही एक चौकट भरायला लागल्यापासून लोक शहाणे झाले. किती ‘बऱ्या केलेल्या’ मशीनी मुळात बऱ्या झालेल्याच नव्हत्या, ते तिथे उघडं पडलं.

बक्षिसाबद्दल. क्वालिटी सर्कल नावाचा प्रकार जपानात १९६२ मध्ये सुरू झाला, आपल्याकडे १९८० मध्ये हैदराबादला भेल या सरकारी कंपनीत आला आणि तिथून सगळीकडे पसरला. आमच्याकडेही आला. काम करणारेच एकत्र बसून आपल्या कामातली अडचण सोडवणार, कल्पना झकास. सुरुवातीला लोक खरंच बसायचे. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की सूचनेमागे रोख बक्षीस द्या. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूचनांचा पाऊस! एकच सूचना दोन भागांत, मशीनच्या गार्डला हिरवा रंग द्या, गार्डला पिवळा रंग द्या. आणि ज्या मामांना खरं कळत होतं त्यांनी त्या पेटीत एक चिठ्ठी टाकली नाही. पाच-पन्नास रुपयांसाठी कोण भांडेल?

याच्या उलट गोष्ट झेरॉक्स कंपनीची. एका ट्रेनिंगमध्ये ऐकली आणि पटली म्हणून लक्षात राहिली. त्यांचे कॉपियर दुरुस्त करणारे टेक्निशियन काम कसं करतात ते बघायला ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर हिंडला. त्याला दिसलं की अवघड बिघाड मॅन्युअलमधून सुटत नाहीत, जेवायला एकत्र बसल्यावर ‘अरे, मला असंच एक मशीन भेटलं होतं’ या किश्श्यांमधून सुटतात. पुढे १९९० च्या दशकात कंपनीने त्या क्लृप्त्या साठवायची ‘युरेका’ नावाची सोय केली, आधी फ्रान्समध्ये. तिथेही रोख बक्षिसाचा विषय निघालाच. ते बाजूला ठेवून ठरलं असं की क्लृप्ती जाणत्या टेक्निशियनांनी तपासायची, आणि पसंत पडली तर पाठवणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना दिसायची. चाललं ते यावर. तेव्हा दुकानदाराचे पैसे तुम्हाला नको वाटतात ते बरोबरच आहे. पैशाच्या जागी नाव ठेवा. ‘घड जिरणे, अमुक गावच्या अण्णांकडून.’ बघा अण्णांचा नातू ते चार ठिकाणी पाठवतो की नाही.

आणि अण्णांना लिहायला किंवा रेकॉर्ड करायला सांगू नका. मामांनी नोकरीभर सहीखेरीज कागदावर पेन टेकवलं नाही. त्यांना ‘मामा, सांगा’ म्हटलं की तंबाखू मळत गप्प. आमच्या एका अप्रेंटिसला युक्ती सापडली. तो त्यांच्याबरोबर काम करायचा, संध्याकाळी अर्धं पान खरडायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचा. त्यात काहीतरी चुकलेलं असायचंच, कधी कधी मुद्दाम. मामा भडकायचे, “कोणी सांगितलं तुला असं?” आणि मग तासभर थांबायचे नाहीत. आमच्याकडची निम्मी कार्डं अशी भडकवून मिळवलेली आहेत.

पंपाचा आवाज मात्र कार्डावर उतरला नाही. ‘गोट्या चाळणीत हलवल्यासारखा’ असं त्या पोराने लिहिलं होतं, त्यावरून कोणालाही काही कळलं नाही. त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून मामांच्या शेजारी उभंच राहावं लागलं.

---

निफाडचा_गारठा

सगळं गोड आहे, पण एक प्रश्न कोणी विचारतच नाही. माणसाने सांगावंच का?

मी त्या ग्रुपवर आहे. आधी लिहायचो. एकाला पावसाची उघडीप बघून एक फवारणी सांगितली. त्याने ती दोन दिवस उशिरा घेतली, तीही वरून सरी चालू असताना, आणि बाग गेल्यावर रात्री अकराला मला फोन, “तुमच्यामुळे झालं.” तेव्हापासून मी अंगठा सोडून काही टाकत नाही. चांगल्या बागा असलेले लोक गप्प का, याचं निम्मं उत्तर हे आहे. बरोबर आलं तर त्याची मेहनत, चुकलं तर सांगणारा गुन्हेगार.

उरलेलं निम्मं पैशाचं आहे. एकरावर फी घेणारे कन्सल्टंट शेड्यूल देतात आणि बजावून सांगतात, कोणाला दाखवायचं नाही. त्यांची भाकरी आहे ती, मी वाईट म्हणत नाही. पण पैसे मोजून घेतलेला कागद कोण फुकट वाटेल? आणि ज्याने वाटला त्याचा कागद दुसऱ्याच्या जमिनीत, दुसऱ्या पाण्यावर चालतोच असंही नाही. थॉमसनचा जीएचा (मणी वाढवायच्या संजीवकाचा) डोस डोळे झाकून शरदला उचलणारे मी पाहिलेत.

आणि लिहिण्याची भीती वेगळीच. २०१० आठवतंय ना? क्लोरमेक्वॅट क्लोराइड, आपलं सीसीसी. द्राक्षात त्याचे अंश सापडले आणि युरोपात माल अडकला. खरड छाटणीनंतर काडीची वाढ थांबवायला लोक ते मारत होते, त्यात लपवण्यासारखं आहे असं शिवारात कोणाला वाटतही नव्हतं. तेव्हापासून मी काय मारलं हे ग्रुपवर लिहिताना माणूस दहादा विचार करतो. निर्यातीच्या प्लॉटची ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर नोंदणी असते, उद्या कोणी स्क्रीनशॉट पुढे केला तर?

जे सांगून कोणाचं काही जात नाही ते आम्ही आजही सांगतो. बोर्डो घ्या, बुरशीवरचं घरी करायचं मिश्रण. एक टक्क्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी, हे कोणीही सांगेल. पण मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये विरघळवायचं, तिसऱ्या ड्रममध्ये दोन्ही एकदम ओतत ढवळायचं, लोखंडी भांडं आणि शिळं मिश्रण वापरायचं नाही. मग स्वच्छ घासलेला लोखंडी विळा त्यात बुडवायचा. पातं तांबूस झालं तर मोरचूद मोकळं राहिलंय, पानं भाजणार, चुन्याची निवळी अजून घाला. पातं जसंच्या तसं निघालं तर पंपात भरा. हे मला वडिलांनी बांधावर दाखवलं आणि मी दहा पोरांना दाखवलंय. त्यात बदनामी नाही आणि कोणाची फीही बुडत नाही.

---

वाचनालयवाली

मी शेतकरी नाही, शहरातली. सार्वजनिक वाचनालयाची जुनी सभासद, आपलं सावाना, १८४० पासूनचं. मराठी विकिपीडियावर अधूनमधून लिहिते, म्हणून मध्ये बोलते.

कादवाकाठचे, तुमचा ड्राइव्हचा फोल्डर हा घराचा माळा झालाय. तिथे सगळं आहे, पण शोधायला कोणी शिडी लावत नाही. तुम्ही फाइलींना नावं काय दिली आहेत? पीडीएफवर डाऊनीच्या बुरशीचं शास्त्रीय नाव ‘प्लाझमोपारा व्हिटिकोला’ असेल आणि माणूस रात्री ‘पानावर तेलकट डाग’ शोधत असेल, तर दोघांची भेट होणार कशी? पानाचं नाव विचारणाऱ्याच्या तोंडचं ठेवा. वाचनालयात माणूस येऊन ग्रंथाचं नाव क्वचितच नीट सांगतो, “ते लाल पुठ्ठ्याचं, गोदावरीवरचं” असंच सांगतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. तिथेही लिहिणारे मूठभर, वर सांगितलं तसेच. पण लिहिण्यापेक्षा जे काम करायला माणूस मिळत नाही ते झाडलोटीचं: एकाच विषयावरची तीन अर्धवट पानं एकत्र करणं, जुनं झालेलं काढणं, दुरुस्ती कोणी का केली ते चर्चा पानावर वाचणं. प्रत्येक पानाचा इतिहास उघडा असतो, कोणी कधी काय बदललं ते दिसतं, त्यामुळे चूक सापडली तर आरडाओरडा न करता मागे जाता येतं. तुमच्याकडे तर हे जास्तच लागेल. औषधांवर बंदी येते, लेबल बदलतं. प्रत्येक पानावर अगदी वर तारीख हवी, आणि ती शिळी झाली की पान खाली उतरवणारा एक जबाबदार माणूस हवा. हा माणूस आधी शोधा. लिहिणारे नंतर मिळतात.

---

निवृत्त_मेंटेनन्स_सिडको

निफाडचा गारठा, तुमचा मुद्दा माझ्या लिहिण्यात सुटला होता आणि तोच सगळ्यात जड आहे.

दोषाचं म्हणाल तर आमच्याकडे कार्डावर ‘काय करा’ लिहायला मनाई होती. ‘काय दिसलं, आम्ही काय केलं, पुढे काय झालं’ एवढंच. वाचणाऱ्याने आपली अक्कल चालवायची. तुमच्याकडेही तसंच चालेल. ‘हे मार’ नाही; ‘माझ्या बागेत, ह्या जातीला, छाटणीनंतर इतक्या दिवसांनी, दोन दिवस पाऊस झाल्यावर असं दिसलं, मी हे केलं, आठवड्याने असं झालं.’ अशा लिहिण्यावर रात्री अकराला फोन आलाच तर म्हणता येतं की बाबा, मी माझ्या बागेचं सांगितलं होतं, तुझ्या बागेत तेव्हा सरी चालू होत्या.

डोस आणि औषधाची नावं मुळात ग्रुपच्या पानांवर घ्यायचीच कशाला? मेहुणे संशोधन केंद्राची अ‍ॅनेक्शर ५ ची यादी घडी करून खिशात ठेवतात. कशाला परवानगी आहे, काढणीआधी किती दिवस बंद, सगळं त्यात असतं. तिकडे बोट दाखवा आणि मोकळे व्हा. याने कन्सल्टंटचा कागद फुटत नाही, स्क्रीनशॉटची भीती कमी होते आणि दुकानदाराचं कार्डही आपोआप बाहेर पडतं. तुमच्या लोकांकडे जे खरं आहे ते औषधाचं नाव नाहीच. ओळखायचं कसं आणि कधी थांबायचं, ते आहे. तुमचा विळा घ्या ना. तो कोणत्या बाटलीच्या लेबलवर छापलेला आहे?

आणि सांगावंच का, याला माझ्याकडे मोठं उत्तर नाही. काही जण नाहीच सांगणार. आमच्याकडेही एक वेल्डर होता, कोणी जवळ आलं की पाठ फिरवून काम करायचा. त्याला आम्ही सोडून दिलं होतं.

---

कादवाकाठचा

सगळ्यांचे आभार. अ‍ॅप आणि बक्षीस दोन्ही रद्द, मित्राला सांगितलं, तो थोडा रुसलाय.

ठरवलंय ते असं. ग्रुप आहे तिथेच, आहे तसाच राहील, केकसुद्धा. फोटो टाकणाऱ्याने सोबत एवढं लिहायचं: जात, छाटणीची तारीख, शेवटचा पाऊस किंवा दव कधी, मागच्या आठवड्यात काय फवारलं, आणि पानाचे दोन फोटो, वरून आणि उलटून, दिवसाउजेडी. हे नसेल तर आम्ही दोघं अ‍ॅडमिन तेवढंच विचारू, उत्तर देणार नाही. दहा दिवसांनी माझा मित्र त्या माणसाला फोन करेल: पुढे काय झालं? रुसलाय तरी हे काम त्याला आवडलंय, त्याला फोनवर बोलायला लागतंच.

पानं साध्या डॉक्युमेंटमध्येच, पण नावं ‘पानावर तेलकट डाग’, ‘घड दिसला आणि बाळी झाली’, ‘मणी तडकले’ अशी. वर तारीख, खाली सांगणाऱ्याचं नाव आणि गाव. झाडलोटीला माझी बायको तयार झाली आहे. ती बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे आणि ग्रुपवरच्या चुका ती आजवर मला वाचून दाखवत होतीच, आता थेट खोडेल.

अण्णांकडे शनिवारी जातोय. घड जिरण्यावर अर्धं पान मीच लिहून नेतोय, त्यात एक ठिकाणी चुकीचं घातलंय.

---

निवृत्त_मेंटेनन्स_सिडको

एक दुरुस्ती. फवारणीचं विचारताना ‘काय फवारलं’ याच्या आधी ‘कधी फवारलं’ विचारा. नाव लपवायचं असेल तर माणूस अख्खा प्रश्न सोडून देतो, तारीख मात्र देतो. आणि चुकीचं एकच ठेवा. दोन सापडली तर अण्णा म्हणतील याला काहीच येत नाही, आणि चहा पाजून वाटेला लावतील.

---

निफाडचा_गारठा

बोर्डोचं पान मी सांगतो, लिहून घ्यायला माणूस पाठव. नाव टाकायचं तर वडिलांचं टाक, माझं नको. आणि फोटो काढायला तूच ये, माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर मोरचुदाचा थर बसलाय.